भाजलेला बोंबील आणि बुधवारचा बाजार

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, "दिगंबरराव, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. जरा खुसखुशीत होऊ द्या." वा रे वा! हेच गृहस्थ वीस-बावीस वर्षं माझ्या पालापुढून नाकाला रुमाल लावून जात होते, आणि संध्याकाळी त्यांच्याच घरची पिशवी मागच्या अंगानं माझ्याकडं येत होती. पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी, खाली रिकामी जागा. त्या जागेत मी पावशेर सुकट घालायचो आणि जुडी पुन्हा वर ठेवून द्यायचो. एकदा मी मुद्दाम जुडी खाली घालून सुकट वर ठेवली. महिनाभर पिशवी आली नाही.

मी सुकी मासळी विकली. सारा जन्म तेच केलं. लातुरात, आणि लातूरच्या आजूबाजूच्या आठवडी बाजारांत. जिथं माळकरी आणि शाकाहारी घरांची वस्ती दाट, तिथं बोंबलाचा पाल टाकायचा म्हणजे काय, हे ज्यानं टाकला त्यालाच विचारा. बाजारात माझी जागा कायम सगळ्यांच्या शेवटी, चपला-जोडे शिवणाऱ्यांच्याही पलीकडं, वारा जिकडं वाहतो त्या कडेला. वारा फिरला की मला उठून दुसऱ्या टोकाला जायला सांगत. मी म्हणायचो, "वाऱ्याला सांगा की, मला काहून सांगता?" पण उठायचो.

आम्ही मूळचे भोई. मांजरा नदीवर वडलांचं जाळं असायचं, आईच्या डोक्यावर पाटी. ताजी मासळी विकणारी माणसं आम्ही, सुक्याला हातही लावत नव्हतो. बहात्तरच्या दुष्काळात नदी आटली. आधी धार गेली, मग डोह गेले, मग डोहांतला चिखलसुद्धा तडकला. वडील तरीही रोज येरवाळी, उजाडायच्या आत, जाळं खांद्यावर टाकून जायचे आणि कोरड्या पात्रात बसून परत यायचे. आई म्हणायची, "जाऊ द्या त्यांना, घरात बसून काय करतील?" मी नांदेडला जाऊन पाहिलं. गोदावरीत थोडी डबकी उरली होती, पण तिथल्या भोयांनाच ती पुरत नव्हती, मला कोण जवळ करणार? तिथंच एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "पोरा, नदी मेली तर समुद्राकडं जा. तिकडं सुकवून विकतेत. सुक्याला पाणी लागत न्हाई."

म्हणून मी गेलो. रायगडच्या किनाऱ्यावरचा एक कोळीवाडा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेल.

समुद्र पाहून मला काय वाटलं? खरं सांगू, राग आला. आमच्याकडं घागरीसाठी बाया मारामाऱ्या करून राहिल्या आणि इथं हे सगळं नुसतं लोळून राहिलं. तेवढ्यात एक बाई डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन चढ चढताना दिसली. गोड्या पाण्याची विहीर लांब टेकडीपाशी, आणि उन्हाळ्यात तीही तळाला गेलेली. तीच हिराबाय. मी कोण, कुठला, काही न विचारता तिनं हंडा उतरवला, तांब्या भरला आणि म्हणाली, "पी आदी. मंग सांग कुठना आयलास." माझा राग तिथंच गेला.

हिराबायचा नवरा आणि दोन दीर होडीवर. मासळी वाळवायची, राखायची आणि विकायची, हे सगळं तिच्या हातात. त्यांचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. होडी लागली की सगळी आळी पाण्याकडं धावते. माल वाटला, निवडला, धुतला, की बोंबील वलांडीवर चढतो. वलांडी म्हणजे बांबूंना ताणून बांधलेले दोर. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. पाहता पाहता बायांचे हात असे चालतात की आपले डोळे मागं पडतात. मी पहिल्यांदा करायला गेलो तर बोंबलाच्या दातांनी बोटं सोलून निघाली. बाया हसल्या. हिराबाय म्हणाली, "लातूरवाल्या, तू नुस्ता बस नि खा."

आणि खायला काय घालायची म्हणून सांगू! सकाळी मऊ भाताची पेज, तोंडी लावायला भाजका बोंबील. दुपारी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं, आमसूल टाकून. होडीवर चांगलं काही मिळालं तर खोबऱ्याचं कालवण. आमची जीभ ज्वारीची आणि काळ्या तिखटाची, मला आधी ते सगळं सपक लागायचं. मी पिशवीतून आमचं तिखट काढून वरून टाकायचो. तिनं एकदा चिमूटभर चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "यानंच तुमचं पानी आटलं आसंल." पुढं दर वर्षी मी तिच्यासाठी डबाभर काळं तिखट नेऊ लागलो.

त्या आळीत एका गोष्टीची भीती मी पाहिली. वादळाची नाही. ओलीची. आभाळात हाताएवढा ढग आला की जेवती बाई ताटावरून उठायची. गोणी जमिनीवर टेकवायची नाही, भिंतीला लावायची नाही, तोंड घट्ट शिवायचं नाही. मला ते बघून हसू यायचं. आम्ही दुष्काळाची माणसं. ऊन, धूळ, टोळ, सगळ्याला भ्यायला आम्हाला आईबापांनी शिकवलं, पण ओलीला भ्यायला कधी कुणी शिकवलं नाही. ओल दिसली तर आम्ही हात जोडणार.

तिची आणखी एक रीत होती. माल ठरला की ती गोणीत हात घालून मधल्या थरातला एक बोंबील काढायची, निखाऱ्यावर टाकायची, भाजला की मधोमध मोडायची. अर्धा मला, अर्धा तिला. दोघांनी खाल्ल्यावरच गोणी उचलायची. दर गोणीला असं. मी एकदा म्हणालो, "बाय, उशीर होतोय, गाडी निघंल." ती म्हणाली, "गाडी जाऊं दे. आपुन खाल्लं नाय तं दुसऱ्याला कसा द्याचा?"

ही रीत मी इकडं आणली. पालावर बसलो की आधी तीन दगडांची चूल, मग नव्या गोणीतला एक बोंबील भाजायचा, मधोमध मोडायचा आणि सगळ्यांसमोर खायचा. गिऱ्हाइकं आधी हसली, मग तेच माझं नाव झालं. लोक विचारत, "खाल्लास का रे आज?" मी म्हणायचो, "हाव, खाल्लो." मग मोजून घ्यायचे. लोकांना बोंबील मोडून पाहायचा असतो, कटकन मोडला तर चांगला, वाकून राहिला तर ओला. सुकट मुठीत दाबायची, मूठ उघडल्यावर ती पसरली पाहिजे. पण माझ्या पालावर कुणी मोडून पाहत नसे. मी खाल्लो म्हटल्यावर झालं.

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक रत्नामावशी. चाकूरच्या अलीकडं एक गाव आहे, तिथं बुधवारचा बाजार भरायचा. ती खडी फोडायच्या कामावर जायची, आणि बुधवारी कामावरून थेट माझ्याकडं. म्हातारी अंगानं काडी, पण तोंड असं की तहसीलदारानंही वाट सोडावी. "काय रे दिग्या, मीठ मोजून राहिलास का सुकट?" अशी सुरुवात. पोराबाळांतलं कुणी उरलं नव्हतं तिला. पदरात सुकट बांधून घेताना मात्र म्हणायची, "तुझ्यामुळं भाकर घशाखाली उतरती बग." हे ती दर बुधवारी म्हणायची आणि मी दर बुधवारी खूश व्हायचो.

मग लातूर जिल्हा झाला. काय तो थाट! कचेऱ्या आल्या, जीपा आल्या, साहेबलोक आले, आणि साहेबांबरोबर बदलीचे कारकून आले. त्यात काही थेट किनाऱ्याकडचे. नव्या जिल्ह्यात बदली म्हणजे त्यांना काळ्या पाण्यासारखी. त्यांतल्या एका नाखवा नावाच्या कारकुनाची बायको एक दिवस बाजाराच्या शेवटापर्यंत आली. रुमाल नाही, काही नाही. माझ्या पालापुढं उभी राहून तिनं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि तिथंच रडायला लागली. मी घाबरलो. म्हटलं बाई, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही हो भाऊ. माहेरचा वास आला." बोलता बोलता कळलं, तिचं माहेर हिराबायच्या शेजारच्याच आळीत. माझ्या धंद्याच्या वासानं कुणाला रडू आलं ते असं एकदाच. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "आपण आता मोठे व्यापारी झालो." ते डोक्यात गेलं, दुसरं काय!

जिल्हा झाल्यावर दोन-तीन वर्षांत पाऊस पुन्हा रुसला. पुन्हा खडी, पुन्हा टँकर, पुन्हा उघडेबोडके डोंगर. डाळ महाग, भाजी दिसेना. कामावरच्या लोकांना भाकरीबरोबर खायला सुकट हेच काय ते उरलं. माझा माल संपला आणि लोक रोज विचारू लागले. वैशाख सरत आला होता, किनाऱ्यावर शेवटचा माल निघायचा होता. मी ठरवलं, या वेळी एसटीच्या टपावरून दोन-चार गोण्या आणायच्या नाहीत. आख्खा टेम्पो भरायचा. आणि टेम्पोवर घालायला नवीकोरी जाड ताडपत्री घेतली, निळी. मोठ्या व्यापाऱ्याचा माल उघडा कसा जाईल?

हिराबायनं ताडपत्री पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. गोण्या भरून झाल्या, बोंबील भाजून खाऊन झाला. ती टेम्पोपाशी येऊन म्हणाली, "हे काय रं? वारा लागूं दे गोनीला. झाकूं नको. आभाळ येतंय, घाटात वलं होयाल."

मी म्हणालो, "बाय, तुमच्याकडं ओल. आमच्याकडं धूळ असती. वाटेत सगळं मातीत जाईल."

"धूल झाडता येते," ती म्हणाली. "वल झाडता नाय येत."

मी हो म्हणालो आणि वळणापुढं जाऊन ताडपत्री पक्की आवळली.

घाटात पावसाची झिम्मड होती, नंतर दीड दिवस ऊन. लातूरला येऊन ताडपत्री सोडली तर आतल्या बाजूनं पाणी टपटप गळत होतं. सगळा मुलुख पाण्याच्या थेंबाला तरसलेला आणि माझ्या मालावर पाऊस पडून गेलेला. मी ते पाणी हातानं पुसत राहिलो, वेड्यासारखा. मग बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून सगळा माल गच्चीवर पसरला. आमच्या उन्हाला काय तोटा? दोन दिवसांत बोंबील कटकन मोडू लागले, सुकट मुठीतून पसरू लागली.

इथं धंद्याची एक गोष्ट सांगून ठेवतो. ओला होऊन पुन्हा वाळवलेला माल आवाजाला फसवतो, बोटांना फसवतो, डोळ्यांना फसवतो. नाकाला फसवत नाही. चांगल्या सुकटीचा वास कितीही उग्र असला तरी तो नाकातच राहतो. बिघडलेल्या मालाचा वास गोडसर असतो आणि तो घशात उतरतो. बायको म्हणाली, "मला जरा येगळाच वास येतो." मी खेकसलो, "तुला काय कळतंय धंद्यातलं?" तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

बुधवारी मी चूल मांडली नाही. पाल टाकला, गोण्या उघडल्या. लोक वाट पाहतच होते, झुंबड उडाली. चुलीचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. रत्नामावशीच्या आलं. "काय रे, आज धूर न्हाई? खाल्लास का न्हाई?"

मी तागडीकडं बघत म्हणालो, "हाव मावशी, येरवाळीच खाल्लो घरी."

"मग दे. आज अर्धा शेर दे. लई दिस झाले तोंडाला चव न्हाई."

मी अर्धा शेर सुकट मोजली. वर मूठभर जास्तीची घातली.

पुढच्या दोन दिवसांत कामावरच्या बारा-तेरा जणी आजारी पडल्या. उलट्या, जुलाब. कुणी मेलं नाही, एवढीच देवाची दया. आधी सगळ्यांनी टँकरच्या पाण्यावर ठपका ठेवला, मग कुणीतरी सुकटीचं नाव काढलं. मी उरलेला माल रातोरात पुरला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं काही नाही, दिवसाढवळ्या उकिरड्यावर टाकला आणि लोकांनी पाहिलं.

पुढच्या बुधवारी रत्नामावशी आली. चालता येत नव्हतं, काठी टेकत आली. आठवडा कामावर गेली नव्हती, तिच्या जागेवर दुसरी बाई लागली होती. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. मी तयार होतो. देवाशपथ सांगतो, शिव्या खाल्ल्या असत्या तर मी सगळं खरं बोलून टाकलं असतं. पण ती माझ्यासमोर बसली, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू बी खाल्ला होतास न रे लेकरा? तुला काही झालं न्हाई न?"

तिला माझी काळजी वाटत होती.

मी म्हणालो, "झालं की. मला बी लई त्रास झाला मावशी." आणि मग तोंड सुटलं ते थांबेना. "ती तिकडली बाईच लबाड निघाली. इतक्या वर्षांचं इमान, पण ओला माल घातला माझ्या गळ्यात. आता तिच्याकडं पाय ठेवणार न्हाई."

चार लोक ऐकत होते. त्यात नाखवाबाईही होती. तिचा नवरा कचेरीच्या कामानं त्या गावी आला होता, म्हणून तीही बाजाराला आली होती. ती बोंबील न घेता निघून गेली. सुट्टीत ती माहेरी गेली, हिराबायच्या शेजारच्या आळीत.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा सुरू झाल्या. पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, पण माल कुठनं आणणार? काळ्या तिखटाचा डबा घेऊन मी गेलो. हिराबाय अंगणात सुकट चाळत होती. मला पाहून उठली, तांब्या भरून दिला, हातपाय धुवायला पाणी दिलं. सगळं नेहमीसारखं. मला हायसं वाटलं. ताट आलं, तांदळाची भाकरी, ताज्या मांदेल्यांचं कालवण, पापड. मी पोटभर जेवलो. ती समोर बसून वाढत होती.

जेवण झालं. मी निखाऱ्यांकडं पाहिलं. निखारे फुललेले होते. पण ती उठून गोणीकडं गेली नाही.

मी म्हणालो, "बाय, माल?"

ती म्हणाली, "भुक्याला जेवन द्यावाच लागतंय. माल द्यावाच आसं काय नाय."

मग तिनं सरळ विचारलं, "झाकलास ना?"

"झाकलो."

"मंग विकाच्या आदी खाल्लास का नाय?"

त्या क्षणी माझ्या जिभेवर जे आलं ते आजही मला आतून चटका देतं. मी म्हणालो, "सोमवार होता बाय. माझा उपास होता."

तिनं सूप ओढून सुकट पाखडायला घेतली. बारा वर्षं मी तिला माझ्या मुलखाच्या गोष्टी सांगत आलो होतो. आमचे बाजार कुठले, कोणत्या दिवशी, खडी फोडणारी म्हातारी कशी भांडते, सगळं. सूप खाली ठेवून ती अगदी हळू म्हणाली, "त्या म्हातारीचा बाजार बुधवारचा ना रं? तूंच सांगलास."



मी उठलो. दारापर्यंत गेलो तर ती मागून आली. हातात बोंबलांची एक जोडी होती, जबड्यात जबडा अडकवलेली, वलांडीवरून तशीच उतरवलेली. वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं माझ्या हातात दिली. "ही त्या म्हातारीला दे. बोल, लबाड बायनं धाडलीय."

काळ्या तिखटाचा डबा तिनं घेतला नाही. तो ओट्यावरच राहिला.

परतीच्या सगळ्या वाटेवर ती पुडी माझ्या मांडीवर होती. शेजारचा प्रवासी वासानं उठून गेला, कंडक्टर बडबडला. मी ऐकून घेतलं. बुधवारी मी पाल टाकलाच नाही. थेट रत्नामावशीच्या खोपटात गेलो. ती चुलीपुढं बसली होती, ज्वारीची भाकरी थापत. मी पुडी तिच्यापुढं उघडली.

"कुणी दिली रे?"

"त्याच बाईनं," मी म्हणालो. "मावशी, ती लबाड न्हाई."

"मग कोण?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. ती वाट पाहत होती, काठी बाजूला, हात पिठानं भरलेले. मग तिनं जोडी सोडवली, एक बोंबील निखाऱ्यावर टाकला, उलटापालटा केला. भाजून झाल्यावर मधोमध मोडला. कटकन मोडला. तिला ती रीत मी कधी सांगितली नव्हती, ती माझ्याच पालावर पाहून शिकली होती.

अर्धा तुकडा तिनं माझ्यापुढं धरला.

"आदी तू खा," ती म्हणाली.

मी खाल्ला. मी गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिनं आपला अर्धा तोंडात घातला.